नात्याचा रकाना

छत्री त्यानं तिच्या डोक्यावर धरलीच नाही. धरली ती तिच्या काखेतल्या गुंडाळीवर.

सुव्याच्या, म्हणजे आमच्या बेटांच्या राजधानीच्या, बस स्टँडवर, बाजाराच्या अंगाला, पाऊस आला तो नेहमीसारखा न सांगतासवरता आला. लोसालिनीच्या काखेत दोन महिन्यांची मेहनत होती. झाडाची साल मोगरीनं ठोकून ठोकून केलेलं मासीचं कापड. मासीला पाणी लागलं की कारभार आटोपला. थर सुटतात, भिजल्या पापडासारखा लगदा हाती येतो. ती गुंडाळी पोटाशी घेऊन वाकली, पाठीवर पाऊस झेलत राहिली — आणि तेवढ्यात ही काळी छत्री मध्ये आली.

"माणूस भिजलं तर वाळतं," छत्रीवाला म्हणाला. "याचं तसं नाही."

तिनं मान वर केली. उंच, सावळा, कानामागे निळ्या शाईचा डाग. स्वतः नखशिखांत भिजलेला आणि वर हसतोय!

"मासीतलं कळतं वाटतं तुम्हाला?"

"छत्रीतलं कळतं. कुठल्या तुम्ही?"

आमच्याकडे नाव मागून, गाव आधी. "वाइतोलुची," ती म्हणाली.

"वाइतोलु?" त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "अगं, मग मी मघापासून तुम्ही-तुम्ही काय करतोय! मी नांबुतिनीचा!"

झालं. बोलणंच खुंटलं. वाइतोलु आणि नांबुतिनी ही एकमेकांची तौवू गावं. दोन्हींचा कुलदेव कुण्या काळी एकच होता म्हणतात. तेव्हापासूनचा रिवाज असा की एका गावच्या माणसानं दुसऱ्या गावच्या माणसाची वाट्टेल ती थट्टा करावी, त्याची वस्तू न विचारता उचलावी, आणि समोरच्यानं राग म्हणून धरायचा नाही. धरला तर त्याचंच हसं. म्हणूनच की काय, त्यानं बेधडक तिच्या पिशवीत हात घातला, रोटीचं पुडकं काढलं आणि उभ्या उभ्या एक घास तोडला.

"ए! माझं जेवण आहे ते!"

"होतं," तो तोंड भरून म्हणाला. "बटाटा आळणी आहे. वाइतोलुत मीठ मिळत नाही का अजून?"

"मिळतं. पण नांबुतिनीची माणसं येऊन चाटून जातात."

तो एवढ्या जोरात हसला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. त्याचं नाव इलाइसा. वालू बेच्या एका शेडमध्ये तो कापडावर छपाई करायचा, आणि उरलेल्या वेळात होड्यांच्या फाटक्या शिडांवर स्वतःची चित्रं. हे सगळं बस येईपर्यंत कळलं. बस आली तेव्हा ती कोरड्या गुंडाळीसकट वर चढली, आणि खिडकीतून पाहिलं तर तो तिचीच रोटी खात उभा होता, छत्री मिटलेली. आता ती उघडायचंही त्याला सुचलं नव्हतं.

मग काय, शनिवारी स्वारी दारात हजर.

लोसालिनी राइवांगाला आत्याकडे राहायची. आत्या म्हणजे नेई सेरा. पोटानं मोठी, मनानं त्याहून मोठी, तोंडानं फटकळ. तिच्या रिकाम्या गॅरेजात लोसाचं काम चालायचं. मोगरीची टकटक, कसाव्याच्या खळीचा आंबूस वास, तांबडी माती आणि काजळी कालवलेल्या दोन वाट्या, आणि इस्पितळातून मागून आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्म. त्या कातरून छापायचे साचे करायचे. कुणाच्या तरी बरगड्यांतून नक्षी उमटायची.

"नेई, ही पोरगी देऊन टाक मला," इलाइसा दारातूनच ओरडायचा. "वाइतोलुच्या बायकांना रांधता येत नाही, पण ठोकता छान येतं."

"घेऊन जा," नेई म्हणायची. "परत आणलीस तर मात्र घेणार नाही."

"मोगरी डोक्यात घालीन," लोसा म्हणायची.

"घाल की. लग्नाआधी घातलेली बरी. नंतर सवय होईल."

"नांबुतिनीच्या डोक्यात घालून उपयोग काय? आत काही असलं तर लागेल ना!"

असं दर शनिवारी. 'लग्न कर माझ्याशी' हे तो दिवसातून दहादा म्हणायचा; कधी खळ ढवळताना, कधी चहात लिंबाची पानं टाकताना. आणि त्या शब्दांची किंमत? शून्य! तौवूचं बोलणं कुणी मनावर घेत नाही. रिवाजच आहे तो. जो शब्द दुसऱ्या कुणी उच्चारला असता तर नेईनं त्याच्या आईवडिलांना बोलावणं धाडलं असतं, तोच शब्द इलाइसाच्या तोंडून आला की ती पोट धरधरून हसायची.

लोसाही हसायची. मे महिन्यापर्यंत हसली. मग एक शनिवार असा आला की हसू आलं ते वरवरचं.

त्या दिवशी तिनं सगळी मासी जमिनीवर अंथरली होती. तिचं गाव समुद्रानं एकेक घर करत घेतलं होतं. माणसं टेकडीवर सरकली, घरं खाली राहिली. लोसानं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून त्या बारा घरांच्या दारांची मापं लिहून घेतली होती, आणि आता ती दारं खऱ्या रुंदीची, खऱ्या उंचीची, मासीवर छापत होती. बारा दारं. आत काही नाही, नुसतं सालीचं पांढरेपण.

इलाइसा आत आला तो तोंडात काहीतरी चेष्टा घेऊनच. ती त्याच्या ओठांवरच थांबली. त्यानं बारा दारं एकेक करून पाहिली. मग एका दारापाशी गेला.

"हे कुणाचं?"

"आमचं."

त्यानं वाकून पायातल्या चपला काढल्या, बाजूला ठेवल्या, आणि त्या छापलेल्या दारासमोर अनवाणी उभा राहिला — कुणाच्या घरात शिरण्याआधी आपण उभे राहतो तसा.

लोसाच्या हातातला साचा तसाच राहिला. बाई गं… आपलं कसं होणार, एवढंच तिच्या मनात आलं. ज्या माणसाचं प्रेमाचं बोलणं खरं धरता येत नाही, त्याच माणसावर आपला जीव जडलाय, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. आणि सांगायचं तरी कसं? ती 'तू मला आवडतोस' म्हणाली असती तर तो 'मग आणखी एक रोटी दे' म्हणाला असता, आणि रिवाजाप्रमाणे तिला हसावं लागलं असतं.

त्यात आणखी एक गाठ होती. नवोदित कलाकारांच्या निधीसाठी लोसानं अर्ज केला होता. निधी मिळाला तर वर्षभर पोटाची चिंता नाही, आणि वर उनाइसी मॅडमसारखी जाणती चित्रकार वर्षभर गुरू म्हणून पाठीशी. नाही मिळाला तर कोरल कोस्टच्या एका रिसॉर्टचं दुकान वाट बघत होतं. तिथं पर्यटकांसाठी हातरुमालाएवढ्या मासीवर कासवं छापायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कासवं. दुकानदारीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑगस्टअखेर हो की नाही ते कळव, मला थांबायला वेळ नाही. नेईवर आणखी भार टाकायचा नाही हे लोसानं मनाशी ठरवलं होतं. म्हणजे निधी, नाहीतर कासवं.

जुलैत पत्र आलं. शेवटच्या पाचांत तिचं नाव होतं! ती पत्र घेऊन नाचतच इलाइसाला सामोरी गेली.

"निधीच्या यादीत आलेय मी! बघ!"

त्यानं पत्र वाचलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "लोसा," तो म्हणाला, "तू… तू अर्ज केला होतास?"

"मग? वाइतोलुच्या बायकांनी करू नये का?"

ही तर आयती संधी होती. पण त्यानं टोला परत मारलाच नाही. "फार छान झालं," एवढंच म्हणाला, अगदी परक्यासारखा. चहा अर्धा ठेवून उठला. "मला जरा काम आहे."

त्यानंतर तो आलाच नाही. एक शनिवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. नेईनं दोनदा दाराकडे बघून सुस्कारा सोडला. लोसानं तर दाराकडे बघणंच सोडलं. जळफळत होती ती. मोगरी अशी चालायची की शेजारीण विचारून गेली, काय गं, सालीनं काय घोडं मारलंय? रागापेक्षा दुःख मोठं होतं. चार महिने लग्नाच्या गोष्टी करणारा माणूस साधं 'येत नाही' सांगायलाही आला नव्हता, आणि तौवूवर रागवायची तर सोय नाही.

मुलाखतीच्या दिवशी टेबलामागे तीन खुर्च्या होत्या. एकीवर उनाइसी मॅडम, पांढऱ्या केसांत लाल जास्वंद. दुसरीवर हॅल्डनसाहेब, सिडनीहून आलेले, गॅलरी चालवणारे. तिसरी रिकामी. तिनं रिकाम्या खुर्चीकडे फारसं पाहिलं नाही. बारा दारांबद्दल बोलली.

दहा दिवसांनी पत्र आलं. खेद वाटतो, वगैरे.

नेईनं तिच्या ताटात नारळाच्या दुधातला मासा वाढला. लोसानं तो चिवडला. मग फोन उचलून रिसॉर्टच्या बाईंना कळवलं, सोमवारी येते.

पण एक होतं. ज्यांची निवड झाली नाही त्यांना कारण विचारायचा हक्क होता. आणि लोसा हक्क सोडणाऱ्यातली नव्हे. शुक्रवारी सकाळी ती उनाइसी मॅडमसमोर जाऊन बसली.

"मतं बरोबरीत आली, पोरी," मॅडम म्हणाल्या. "माझं तुझ्या बाजूनं. हॅल्डनचं विरोधात. बरोबरी झाली की अर्ज पडतो, असा नियम आहे."

"साहेबांना काय आवडलं नाही?"

"दारं आवडली त्याला. काठ नाही आवडला. म्हणाला, दारं धीट आहेत आणि काठ घाबरलेला आहे."

ते खरं होतं. चारी बाजूंनी लोसानं दुकानात खपणारी नक्षी फिरवली होती. न जाणो, उघडी दारं कुणाला रुचली नाहीत तर? त्या भीतीला तिनं मनातल्या मनात परंपरा असं नाव दिलं होतं.

"आणि तिसरं मत, मॅडम? तीन खुर्च्या होत्या ना?"

उनाइसी मॅडमनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. "तिसरा माणूस, आमच्यातला तरुण चित्रकार, उठून गेला. पाचांची निवड कचेरी करते, नावं आम्हाला मागाहून कळतात. समितीतल्या कुणाचं उमेदवाराशी नातं असलं तर लिहून द्यावं लागतं. ते लिहिलेलं तुला बघता येतं. तोही तुझा हक्क." त्यांनी फाइलीतून एक कागद काढला, पण लगेच दिला नाही. "आधी ऐक. पहिल्यांदा त्यानं नात्याच्या रकान्यात लिहिलं — तौवू. मी हसले. म्हटलं, अरे बाबा, अर्धा देश माझा तौवू आहे. तेवढ्यासाठी उठायला लागलो तर या देशात कुठल्या समितीत माणूस उरणार नाही. बस खाली. हॅल्डनलाही पटलं. प्रश्न मिटला होता, पोरी. त्यानं नुसतं बसायचं होतं. खिडकीपाशी जाऊन उभा राहिला थोडा वेळ. मग म्हणाला, मॅडम, तो कागद परत द्या."

तिनं कागद घेतला. 'तौवू'वर एक सरळ रेघ होती. खाली निळ्या शाईत लिहिलं होतं:

'माझं तिच्यावर प्रेम आहे. तिला हे माहीत नाही, कारण मी तिच्याशी आजवर थट्टेशिवाय बोललो नाही. पाचांत तिचं काम सर्वांत चांगलं आहे असं मला वाटतं. पण या बाबतीत माझ्या वाटण्यावर विश्वास ठेवू नये. — इलाइसा.'

लोसानं ते दोनदा वाचलं. मग तिला अक्षरं दिसेनाशी झाली. मॅडमनी खिडकीबाहेर बघायला घेतलं, आणि बराच वेळ बघत राहिल्या.

वालू बेची शेड रंगाच्या वासानं कोंदलेली होती. जेवणाची सुट्टी झालेली, सगळे बाहेर झाडाखाली. इलाइसा एकटाच लांब टेबलावर ताणलेल्या कापडाजवळ उभा होता. ती दिसताच तो मागे सरकला.

"बसला का नाहीस?" ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "मॅडम तर बस म्हणाल्या होत्या. एक मत, इलाइसा! एका मतानं गेलं माझं वर्ष. सोमवारपासून कासवं छापणारे मी!"

"माहीत आहे."

"माहीत आहे? एवढंच?"

"मी बाहेर बाकावर बसलो होतो," तो म्हणाला. "तू आत गेलीस तेव्हा. तू मला पाहिलं नाहीस. माझं मत गेलं की बरोबरी होईल, हेही मला तिथंच कळलं होतं. हॅल्डन काय म्हणणार हे ठाऊक होतं, फोटो बघतानाच तो काठावर अडला होता."

"तरी गेलास उठून?"

"बसलो असतो तर तुला निधी मिळाला असता." त्याचा आवाज फार खाली गेला होता. "आणि मग तुला मी… ते कधीच सांगू शकलो नसतो. सांगितलं असतं त्या दिवशी तुझं वर्ष खोटं ठरलं असतं. लोक म्हणाले असते, त्यानं दिलं तिला. तूसुद्धा एखाद दिवशी तसंच म्हणाली असतीस. तुझी दारं तशी नाहीत, लोसा. ती कुणी उपकारानं उघडायची नाहीत."

ती रडत होती आणि तिला त्याचाही राग येत होता. "मग आधी मला का नाही सांगितलंस? आधी मॅडमला? आधी त्या हॅल्डनला? अख्ख्या समितीला कळलं, फक्त मला नाही!"

"तुला सांगायला गेलो की…" तो थांबला. हात पुसले, पुन्हा पुसले. "तुला दिवसातून दहादा सांगत होतो. दर वेळी तू हसायचीस."

"मे महिन्यापासून नव्हते हसत मी," ती म्हणाली. "नीट बघितलं असतंस तर कळलं असतं."

बाहेर झाडाखाली कुणीतरी मोठ्यानं गाणं सुरू केलं, कुणीतरी त्याला गप्प केलं.

"आता सांग," लोसा म्हणाली. "मला. कागदावर नाही."

त्यानं तोंड उघडलं. सवयीनं एक चेष्टा अगदी जिभेवर आली असावी. ती त्यानं गिळली, हे तिला दिसलं. "मला…" तो म्हणाला. "लोसा, मला तू हवी आहेस. तुझ्याबरोबर राहायचंय मला. मी फार भ्यालोय आत्ता."

एवढंच. शब्द अडखळत आले, वाकडेतिकडे आले. पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि ती हसली नाही. तिनं त्याचा शाईनं बरबटलेला हात दोन्ही हातांत धरला. माझं वर्ष गेलं ते गेलंच, असं तिला वाटत होतं. आणि त्याच वेळी, इतक्या खरेपणानं आपल्याशी आजवर कुणी वागलं नाही, असंही वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या. तिनं दोन्ही तशाच राहू दिल्या.

"कासवं दिवसा," ती शेवटी म्हणाली. "संध्याकाळी माझी दारं. काठाशिवाय. रविवारी सुट्टी असते, तेव्हा यायचं."

"येईन. दर रविवारी."

"आणि पुढच्या वर्षी मी परत अर्ज करणारे. तू अजून आहेस ना समितीत?"

"दोन वर्षं."

"उमेदवाराच्या अर्जातही तो रकाना असतो. समितीत कुणी नात्याचं आहे का." तिनं डोळे पुसले. गालावर निळं बोट उमटलं, तिला पत्ताच नाही. "काय लिहू तिथं?"

"तौवू…?" तो भीत भीत म्हणाला.

"ते चालत नाही. मॅडम म्हणाल्या."

"मग?"

"नवरा, असं लिहीन म्हणते."

इलाइसा टेबलाच्या कडेवर मटकन बसला. ओल्या कापडावरच बसला, निळ्या शर्टांच्या कापडाची अख्खी लांबी वाया गेली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे पुढच्या वर्षीही मला उठून बाहेर जावं लागणार."

"जायचं," लोसा म्हणाली. "मुकाट्यानं बाकावर जाऊन बसायचं. हॅल्डनसाहेबांचं मत मी आत जाऊन घेऊन येते."